सत्कार नको, निवेदन हवे

लोकप्रतिनिधीला नवे शासकीय पद मिळाले की आपल्याकडे एक ठरलेला क्रम सुरू होतो. स्थानकावर स्वागत, वाहनांची मिरवणूक, चौकाचौकांत कमानी आणि फलक, लाडूंची तुला, आणि अखेरीस मतदारसंघातील सभेत भाषण. राज्य कोणतेही असो, पक्ष कोणताही असो, त्या भाषणाचा आशय बदलत नाही. "हे पद माझे नाही, तुमचे आहे. आता आपल्या भागाची कामे अडणार नाहीत." टाळ्या पडतात, हार गळ्यात पडतात आणि सभा संपते. नव्या पदाविषयी मतदाराला जे कळायला हवे होते, त्यातले काहीही सांगितले गेलेले नसते.

मी सेवेत असलेला केंद्रीय अधिकारी आहे. कोणत्याही पक्षाची बाजू घेणे आचरण नियमांत बसत नाही आणि या लेखाचा तो हेतूही नाही. माझा आक्षेप एका सर्वपक्षीय प्रथेला आहे. या प्रथेने मतदाराला नागरिक न ठेवता आश्रित करून टाकले आहे, आणि प्रशासनाचेही त्यात मोठे नुकसान झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठी जबलपूरचे रांझी घेऊ. हा भाग मुद्दाम निवडण्याचे कारण असे की शासनाचे सगळे स्तर येथे एकमेकांना भिडतात. रांझी व तिच्या आसपास संरक्षण उत्पादनाचे चार कारखाने आहेत. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरियाची आयुध निर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, व्हेइकल फॅक्टरी व ग्रे आयर्न फाउंड्री त्यानंतरच्या. देशाच्या सर्व भागांतून, विदर्भातूनही, आलेल्या कामगार कुटुंबांनी ही वस्ती घडवली. कारखाना केंद्राचा, रस्ता कुठे महापालिकेचा तर कुठे राज्याच्या बांधकाम खात्याचा, शेजारी छावणी परिषद, आणि तहसील राज्याच्या महसूल खात्याची. अशा ठिकाणी एखाद्याला भोपाळमध्ये पद मिळाले म्हणजे नेमके कशावर अधिकार मिळाला, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

रांझीचा मोठा भाग ज्या जबलपूर छावणी मतदारसंघात येतो, तेथील आमदार ईश्वरदास रोहाणी २००३ पासून २०१३ पर्यंत मध्य प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष होते. जबलपूरला हा मान नवा नव्हता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरच्या मध्य प्रदेश विधानसभेचे पहिले अध्यक्ष पंडित कुंजीलाल दुबे हेही जबलपूरचेच. मान खराच मोठा. पण घटनेच्या दृष्टीने या पदाचा अर्थ पाहा. अध्यक्ष प्रश्न विचारत नाही, लक्षवेधी मांडत नाही, चर्चेत भाग घेत नाही. अनुच्छेद १८९ नुसार त्याला एरवी मतही देता येत नाही. मते समसमान पडली तरच निर्णायक मत. म्हणजे ज्या दिवशी एखाद्या मतदारसंघाचा आमदार अध्यक्ष होतो, त्या दिवशी सभागृहात त्या मतदारसंघाच्या वतीने प्रश्न विचारणारा माणूस उरत नाही. मंत्र्याचेही तसेच. तो उत्तरे देतो, प्रश्न विचारत नाही. पदामुळे मतदारसंघाला काही मिळत असेल, पण काही जातेही. मिळकतीची बाजू फलकावर रंगते. गमावलेल्या बाजूची नोंद कोणत्याही सत्कार सभेत होताना मी पाहिलेली नाही. ही व्यक्तीवरची टीका नाही. मोठ्या संवैधानिक पदावर बसणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मतदारांना हे सांगणे हा त्या पदाच्या कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

आता "आपल्या भागाची कामे अडणार नाहीत" या आश्वासनाकडे वळू. मंत्री जी शपथ घेतो ती घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दिलेली आहे. कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्वांना न्याय्य वागणूक देईन, असे तो राज्यपालांसमोर सांगतो. त्यानंतर आठवड्याभरात आपल्या गावी येऊन तो ममत्वभावाचे जाहीर वचन देतो आणि त्यात कोणालाच काही विसंगत वाटत नाही! राज्याच्या तिजोरीतला रुपया एकदाच खर्च होतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी याला संधी खर्च म्हणतो. मंत्र्याच्या गावातला तिसरा रस्ता म्हणजे दिंडोरी किंवा मंडल्यातील एखाद्या पाड्याचा न झालेला पहिला रस्ता. गरज, लोकसंख्या, वाहतूक यांच्या निकषांवर पहिला क्रमांक मंत्र्याच्याच गावाचा लागत असेल तर तो जरूर लागावा. मग निकष जाहीर करायला अडचण काय?

ही ओढ कुठून आली, तेही समजून घेतले पाहिजे. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली. जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले, पण राजधानी हुकल्याचा सल राहिला. नागपूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको, कारण त्याच वर्षी त्यांचीही राजधानी गेली आणि पुढे हिवाळी अधिवेशनावर समाधान मानावे लागले. तेव्हापासून महाकोशल काय किंवा विदर्भ काय, मंत्रिपदांची संख्या हे प्रादेशिक न्यायाचे माप होऊन बसले. २०२० मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि जबलपूर जिल्ह्याच्या वाट्याला मंत्रिपद आले नाही, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्याच मंडळींनी महाकोशलवर अन्याय झाल्याची तक्रार जाहीरपणे केली. महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये रायगड आणि नाशिक येथील पालकमंत्र्यांच्या नेमणुका जाहीर होताच दुसऱ्याच दिवशी स्थगित कराव्या लागल्या. दोन्हीकडे वाद पद कोणाला, यावर झाला. त्या पदावरून पाच वर्षांत काय करणार, यावर वाद झाल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.

श्रेयाचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जबलपूर पश्चिमचे आमदार राकेश सिंह राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले. त्याआधी २००४ पासून ते जबलपूरचे खासदार होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मदनमहाल ते दमोह नाका या सुमारे सात किलोमीटरच्या उड्डाणपुलाचे उद्घाटन झाले. त्याची मंजुरी आणि पायाभरणी त्यांच्या मंत्रिपदाच्या आधीची, पैसा केंद्रीय रस्ते निधीचा, बांधणी राज्याच्या खात्याची. यात खासदाराचा वाटा किती, मंत्र्याचा किती, केंद्राचा किती, आणि दरम्यान सत्तेवर आलेल्या दुसऱ्या पक्षाच्या सरकारचा किती? शासनाचे काम असेच चालते. एका पदावर एक काम टांगता येत नाही. पदाची दिनांकवार नोंद मतदारासमोर असेल तर हा हिशेब त्याला स्वतःच मांडता येईल.

उलट ज्या निर्णयाने रांझीचे जीवन खरोखर बदलले, त्यात कोणत्याही स्थानिक पदाला वाव नव्हता. १६ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यास मान्यता दिली, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ४१ कारखाने त्या कंपन्यांकडे गेले. या वाटणीत गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे, व्हेइकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीकडे, खमरिया पुण्याच्या कंपनीकडे आणि ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या कंपनीकडे गेली. एका वस्तीचे चार कारखाने, चार शहरांतली चार संचालक मंडळे! कामगार मानीव प्रतिनियुक्तीवर. निवृत्तिवेतन, वसाहतीतील घरे, मागणी नसल्यास कामाचे काय, हे रांझीतल्या घराघरांतले प्रश्न. भोपाळमधील कोणताही मंत्री, अध्यक्ष किंवा महामंडळाचा प्रमुख यांवर आदेश काढू शकत नाही. तो पत्र लिहू शकतो, दिल्लीत भेटू शकतो. तेही महत्त्वाचे आहे, पण ते विनंती करणे आहे, निर्णय घेणे नव्हे. हा फरक मतदाराला सांगणारा नेता मला अधिक प्रामाणिक वाटेल.

मंत्रिपदे कमी पडू लागल्यावर 'दर्जा' वाटण्याची युक्ती निघाली. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली. मध्य प्रदेशात २३० आमदार, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह कमाल ३४. मग महामंडळे, प्राधिकरणे आणि समित्या यांवर राज्यमंत्रिपदाच्या दर्जाने नेमणुका होतात. एप्रिल २०१८ मध्ये नर्मदा संवर्धनासाठीच्या समितीवरील पाच संत-महंतांना मध्य प्रदेशात असा दर्जा देण्यात आला होता. दर्जाबरोबर मान व सुविधा येतात. निर्णयाचा अधिकार येईलच असे नाही. शिवाय आमदार-खासदाराने लाभाचे पद घेतले तर मूळ सदस्यत्वच धोक्यात येते. २००६ मध्ये उत्तर प्रदेशातील चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदामुळे जया बच्चन यांची राज्यसभा गेली, ती याच कारणाने.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा की लोकांनाच हे हवे असते. बदली, दाखला, रुग्णालयात खाट, यासाठी लोक नेत्याच्या दारी येतात, मग नेत्याने काय करावे? युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण लोक दारी येतात कारण सरळ वाटेने काम होईल याचा त्यांना भरवसा नसतो. आणि हक्काने मिळणारी गोष्ट कृपा म्हणून वाटली गेली की तो भरवसा आणखी घटतो. वास्तविक २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा करणारे देशातले पहिले राज्य मध्य प्रदेश. ठरलेल्या मुदतीत सेवा न दिल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला २५० रुपये आणि कमाल ५००० रुपये दंड संबंधित अधिकाऱ्याला होऊ शकतो. महाराष्ट्राने असा कायदा २०१५ मध्ये केला. बदल्यांसाठी राजकीय वजन वापरणे हा तर केंद्रीय सेवा आचरण नियमांच्या नियम २० चा सरळ भंग आहे; तरीही नव्या पदाच्या नव्या कागदावर लिहिलेली पहिली काही पत्रे बहुधा बदल्यांचीच असतात, हे कोणत्याही कार्यालयातील आवक लिपिक सांगेल.

तेव्हा नवे पद मिळालेल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने तीस दिवसांच्या आत मतदारांना एक छापील निवेदन द्यावे, अशी माझी सूचना आहे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

१. पद कोणत्या कायद्याने किंवा आदेशाने मिळाले, त्याची मुदत किती, त्याबरोबर मानधन व सुविधा कोणत्या.

२. या पदाला कोणते निर्णय घेता येतात, आणि मतदारसंघातील कोणते ज्वलंत प्रश्न या पदाच्या कक्षेबाहेर आहेत.

३. खात्याचा एकूण निधी किती, आणि पगार, निवृत्तिवेतन, व्याज वजा जाता नव्या कामांना किती उरतो.

४. सभागृहात प्रश्न विचारणे आता शक्य नसेल तर मतदारसंघाचे म्हणणे कोणत्या मार्गाने मांडले जाईल.

५. खात्याच्या खर्चातला स्वतःच्या मतदारसंघाचा वाटा, निकषांसह, दरवर्षी मार्चअखेर.

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार यातील बरीचशी माहिती प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने मागणीविना प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. ती एका पानावर, सोप्या भाषेत आणून देण्याचे कामच उरते.

जबलपूरच्या राजकीय इतिहासात पदाविषयीची वेगळी वृत्तीही आहे. सेठ गोविंददासांच्या १९७४ मधील निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत तरुण शरद यादव येथून लोकसभेवर गेले. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवण्यात आली, तेव्हा लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठीच निवडले आहे, या भूमिकेतून त्यांनी आणि पुण्याच्या मधू लिमये यांनी तुरुंगात असताना सदस्यत्वाचे राजीनामे दिले. दोघांच्या पुढच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, पद ही मतदाराने ठरावीक मुदतीसाठी सोपवलेली ठेव आहे, हे त्यांनी कृतीने मान्य केले.

ठेव घेणारा पावती देतो आणि वर्षाला हिशेब पाठवतो. बँकेकडून आपण एवढे मागतोच. पुढच्या वेळी आपल्या वस्तीत सत्काराची कमान उभी राहील, तेव्हा वर्गणी मागायला आलेल्या कार्यकर्त्याला प्रत्येकाने वरील पाच प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे मिळाल्यावरच वर्गणी द्यावी.