ओढ्यांना जागा द्या

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने पुण्याच्या दक्षिण भागात जो हाहाकार माजविला, त्यात वीसहून अधिक जण प्राणांस मुकले. तेव्हापासून ओढ्यांचा प्रश्न निघाला की भिंतींची मागणी होते. ती भीतीपोटी आली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ती शहाणपणाची आहे, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

भिंत पाणी जिरवीत नाही, ते वेगाने पुढे लोटते. वरच्या वस्तीचे संकट खालच्या वस्तीच्या दारात जाते, आणि पावसाळ्यात नकोसे झालेले पाणी उन्हाळ्यात टँकरने विकत घ्यावे लागते. पूर आणि टंचाई ही एकाच चुकीची दोन फळे होत. पुण्याची भूमी काळ्या फत्तराची. तीत पाणी मुरते ते मुरमाच्या थरातून व खडकाच्या भेगांतून, तेही सावकाश. त्यास थांबावयास जागाच नसेल, तर ते मुरणार कसे? टेकड्यांचे उतार, ओढ्याकाठची पाणथळ, उंबर-करंजांची दाटी ही ती थांबण्याची स्थळे होत. आणि नेमकी तीच आपण बांधकामाखाली घालीत आहो.

२०२५ साली ब्राझीलमध्ये विमान-अपघातात निधन पावलेले चिनी भूरचनाकार यू कोंगजियान यांनी जिन्हुआ शहरात नदीकाठची पूरभिंत काढून तेथे गवताच्या पायऱ्यांचा उतरता काठ रचला. ते उद्यान पुरात बुडते, आणि बुडावे म्हणूनच ते केलेले आहे. लोकांची ये-जा वरच्या पुलावरून चालू राहते. या उपायास मर्यादा आहेत. झेंगझौ येथे २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तेथील 'स्पंज-नगर' योजना तोकडी पडली. पण तशा पावसापुढे भिंती तरी कोठे टिकतात?

पाणी धरून ठेवण्याची विद्या पुण्यास परकी नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने शहरात पाणी आणले, आंबील ओढा वळविला व पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. आज तेथे सारसबाग आहे. तळे गेले, बाग तेवढी उरली!

जागा आणावयाची कोठून, हा खरा प्रश्न. जून २०२१ मध्ये याच ओढ्याकाठच्या झोपड्या हटविण्यात आल्या. त्या हटविताना जी तत्परता दिसली, ती पात्रात सरकलेल्या इमारतींच्या कुंपणभिंतींबाबतही दिसावी, अशी आमची मागणी आहे. ओढ्याने मागितलेली जागा केवळ गरिबानेच द्यावी, हा न्याय नव्हे.

महानगरपालिकेने नव्या भिंतीचा एकही ठराव संमत करण्यापूर्वी प्रत्येक ओढ्याची पूररेषा दगड रोवून जमिनीवर आखावी, आणि तिचा नकाशा क्षेत्रीय कार्यालयाच्या दर्शनी भागी लावावा. घर घेणाऱ्याने तो आधी पाहावा, मग इसार द्यावा.