डासाची लाळ आणि कोरडा दिवस

बोटाला सुई टोचली तर रक्त काही मिनिटांत थांबतं. डासाची मादी मात्र तेच रक्त पोटभर पिते आणि निर्धास्त उडून जाते. ही किमया तिच्या लाळेची.

तिच्या सोंडेत सहा सुया असतात. एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून रक्त वर ओढलं जातं. जखम झाली की दुखावलेल्या पेशींतून एडीपी हे रसायन बाहेर पडतं आणि प्लेटलेट्स तिथे गोळा होतात. लाळेतलं अपायरेज हे विकर त्या एडीपीचेच तुकडे करतं. रक्त गोठण्याच्या साखळीतला ‘घटक दहा’ डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची लाळ रोखते, तर अ‍ॅनॉफिलीस डासाची लाळ थेट त्याच साखळीतल्या थ्रॉम्बिनला आवरते. संशोधक जोसे रिबेरो आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये लाळनलिका कापलेले डास तपासले. त्यांना रक्त शोधायला कितीतरी जास्त वेळ लागला.

डास चावल्याने एचआयव्ही का होत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. आधी प्यायलेलं रक्त डास दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही. सोडतो ती लाळ. एचआयव्ही डासाच्या पोटात पचून जातो. जो जंतू पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोहोचतो, तो लाळेतून पसरतो. पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी असाच डासाच्या लाळग्रंथीत पोहोचलेला रोनाल्ड रॉस यांना १८९८ मध्ये कलकत्त्यात दिसला होता. डेंग्यूच्या विषाणूला या प्रवासाला साधारण ८ ते १२ दिवस लागतात.

हे दिवस आपण वाया घालवतो, याची मला खरी खंत आहे. रुग्ण सापडला की गल्लीत धूरफवारणीची मागणी होते. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. शिवाय घरात दडलेल्या एडिसपर्यंत रस्त्यावरचा धूर फारसा पोहोचत नाही. त्यापेक्षा डेंग्यूच्या रुग्णाला तापाच्या दिवसांत दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण एडिस दिवसा चावतो. रुग्णाला डास चावलाच नाही, तर डासाच्या लाळेत विषाणू येणार कुठून?

आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं पाणी काढून टाकण्याचा दिवस, पाळाच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे नुसता रिकामा करू नका, आतून घासा. एडिसची अंडी कडेला चिकटलेली असतात. नगरपालिकेने फवारणी करावीच, पण घरातलं पिंप घासायला कुणाची वाट पाहायची?