आधी मोजा, मग पाना उचला



चार वर्षांपूर्वी मी भंगाराच्या दुकानातून एक जुना लेथ विकत घेतला. लेथ म्हणजे धातूचा दांडा फिरवत ठेवून त्यावर हत्यार टेकवून त्याला हवा तसा गोल आकार देणारे यंत्र. लाकडावर हेच काम आपला कातारी पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. दुकानदार तो लेथ किलोच्या भावाने विकत होता. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हे लोखंडाचे धूड घराच्या पडवीत कशासाठी आणावे, असा प्रश्न घरच्यांना पडला. तुम्हालाही तो पडला असेल. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की बिघडलेली वस्तू दुरुस्त करणे हा विज्ञान शिकण्याचा उत्तम मार्ग आहे आणि आपल्या शाळा-कॉलेजांनी तो जवळजवळ बंद करून टाकला आहे.

पहिले दोन महिने साफसफाईत गेले. डिझेल, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यांनी गंज उतरवला, बेअरिंगे धुतली, वाळलेले ग्रीस खरवडून काढले. मग लेथ सुरू केला, एक दांडा कातला आणि मायक्रोमीटरने मोजला. चकजवळ बारीक आणि दूरच्या टोकाला जाड! दांडा दंडगोल न होता किंचित निमुळता झाला होता.

आमच्या गल्लीत एक निवृत्त टर्नर राहतात. त्यांना मी बोलावले. त्यांनी बेडवरून, म्हणजे ज्या लांब पाटावरून हत्याराची गाडी सरकते त्यावरून, बोटाचे नख फिरवले. चकजवळ नख अडकले. "सर, बेड झिजलाय," ते म्हणाले. "ग्राइंडिंगला पाठवा, नाहीतर आला तसा किलोवर घालून टाका." ग्राइंडिंगचा खर्च लेथच्या किमतीहून जास्त होता. लेथ पुन्हा भंगारात जाण्याची वेळ आली.

येथे थोडे थांबून विचार करू. लेथ अचूक काम करतो तो कशाच्या जोरावर? इ. स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली या कारागिराने हत्यार हातात न धरता सरकत्या गाडीवर पक्के बसवण्याची पद्धत चांगलीच विकसित केली. तेव्हापासून कामाची अचूकता कारागिराच्या हातातून यंत्राच्या अंगात आली. पाट सरळ असेल तर दांडा सरळ. लेथ स्वतःचा सरळपणा दांड्यावर उतरवतो आणि स्वतःचा दोषही उतरवतो.

आता झिजेचे गणित करा. झीज सुमारे ०.१ मि.मी. होती. समजा, तिच्यामुळे हत्यार ०.१ मि.मी. सरळ खाली गेले. दांड्याची त्रिज्या २० मि.मी. आहे. हत्याराचे टोक मध्यापासून आडवे २० आणि खाली ०.१ मि.मी. असेल, तर नवी त्रिज्या पायथागोरसच्या सिद्धांताने काढता येते. कागदावर करून पाहा. त्रिज्या फक्त ०.०००२५ मि.मी. ने वाढते! तेच हत्यार ०.१ मि.मी. आडवे सरकले, तर त्रिज्या पूर्ण ०.१ मि.मी. ने बदलते. दोष तेवढाच, पण दिशा बदलताच परिणामात चारशेपट फरक. म्हणजे नखाला लागलेली झीज खरी असली, तरी दांडा निमुळता होण्याचे कारण तीच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. हत्यार आडवे सरकत आहे का आणि का, हे शोधायला हवे होते.

त्यासाठी मी एक जुनी कसोटी वापरली. जाड दांडा चकमध्ये धरून त्यावर २०० मि.मी. अंतरावर दोन कडी ठेवली आणि मधला भाग खोल कातला. मग हत्याराची जागा न बदलता दोन्ही कड्यांवरून एकच हलका घास घेतला. व्यासांत ०.०३ मि.मी. फरक आला. आपल्या केसाच्या निम्म्या जाडीपेक्षाही कमी, पण दोष निश्चित आकड्यात आला.

मात्र एकाच कसोटीवर विसंबून चालत नाही. जोसेफ व्हिटवर्थ हा मॉडस्लीच्याच कारखान्यात काम केलेला. त्याने १८४० मध्ये सपाट पृष्ठे तयार करण्याची जी रीत मांडली, तिच्यात दोन नव्हे, तीन पाट आहेत. दोन पाट एकमेकांवर तंतोतंत बसले, तरी एक खोलगट आणि दुसरा फुगीर असू शकतो. तिन्ही पाट आळीपाळीने एकमेकांशी जुळवले, की हे लबाडपण टिकत नाही. मलाही दुसरा साक्षीदार हवा होता.

एका ओळखीच्या कारखान्यातून मी अचूक स्पिरिट लेव्हल मागून आणली. तिचा एक भाग म्हणजे एका मीटरला ०.०२ मि.मी. चढ. बेडच्या दोन्ही टोकांना, जिथे गाडी घासत नाही अशा जागी, मी ती आडवी ठेवली. एका टोकाला बुडबुडा मध्यावर होता. दुसऱ्या टोकाला तो पार कडेला गेला. बेडला पीळ पडला होता! दोष लेथपेक्षा माझ्या पडवीच्या फरशीचा होता. चार पायांपैकी एक पाय थोडा खाली बसला होता. ओतीव लोखंडाचा जाड बेडही तेवढ्याने पिळला जातो. मग गाडी पुढे सरकताना कलते आणि बेडपासून सुमारे १६५ मि.मी. उंच असलेले हत्याराचे टोक आडवे हलते.

त्या पायाखाली मी पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या. मोजायचे, पट्टी घालायची, पुन्हा मोजायचे, असे दोन दिवस चालले. कड्यांतला फरक ०.०१ मि.मी. च्या आत आला. लेथ काटेकोर समपातळीत असण्याची गरज नसते हेही त्यातून कळले. दोन्ही टोकांचा कल सारखा हवा, इतकेच. नाहीतर बोटीवर लेथ चाललेच नसते. टर्नरकाकांनी आकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "आता गाडीच्या पट्ट्या आवळायला मी शिकवतो. ते तुमच्या वहीत मिळायचं नाही." ते खरे होते. किती घट्ट आणि किती सैल, हे मी त्यांच्या हाताखालीच शिकलो.

आता एक कबुली देतो. विद्यार्थी असताना लंबकाच्या प्रयोगात ९.८ उत्तर यावे म्हणून मी आकडे उलटे काढून लिहिलेले आहेत. आज माझे विद्यार्थीही तेच करतात. त्यात त्यांचा दोष थोडा आहे. उत्तर आधीच ठाऊक असेल, तर मोजायचे कशाला? बिघडलेल्या यंत्राचे उत्तर पुस्तकात नसते. खोटे वाचन लिहिले, तर वही फसेल, दांडा निमुळताच राहील.

तुम्ही म्हणाल, "सर, हा काळ सीएनसीचा आहे." मान्य. पण संगणक चालवतो ते यंत्रही बेडवरच उभे असते. दांडा निमुळता आला, तर कारण कोणी तरी मोजूनच शोधावे लागते.

शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रत्येक शाळेत डेडस्टॉक रजिस्टरात अडकलेले तराजू, अँमीटर, पंखे कपाटात पडून आहेत. मोडतोडीची आणि हिशेबाची भीती मी समजू शकतो. म्हणून निर्लेखन झालेल्या वस्तूंपासून सुरुवात करा. पंधरवड्यातून एक तास दुरुस्तीला द्या. वहीत तीन रकाने असू द्या: काय दिसते, काय मोजले, कारण काय असावे. तिन्ही भरल्याशिवाय पाना हातात देऊ नका. आणि गुण द्या ते निदानाला. वस्तू दुरुस्त झाली नाही तरी चालेल.

आणि मुलांनो, लेथला एकट्याने हात लावू नका. फिरता चक सैल बाही किंवा हातमोजा क्षणात ओढून घेतो. विजेच्या वस्तूही मोठ्यांच्या देखरेखीखालीच उघडा. सुरुवात सायकलपासून करा. चाक डुगडुगते? मग पाना उचलण्याआधी ते कोणत्या दिशेला आणि किती डुगडुगते, हे मोजून लिहा. तुमचा पहिला खरा प्रयोग तेथेच सुरू होईल.