गाडी ठोकली, क्लेमही टाकला, पण विमा कंपनी गप्प! आता दाद कुठे मागायची?

अपघात झाला, गाडी टो करून गॅरेजला नेली, क्लेमही टाकला. मग सुरू होते फोनाफोनी. कस्टमर केअर म्हणतं, ‘फाइल प्रोसेसमध्ये आहे.’ सर्व्हेअर म्हणतो, ‘मी रिपोर्ट दिलाय.’ गॅरेजवाला म्हणतो, ‘अप्रूव्हल आलं की काम सुरू करू.’ इकडे गाडीचा ईएमआय सुरूच आणि ऑफिसला रोज रिक्षा.

अशा वेळी बहुतेक जण पुन्हा फोनच करतात. पण विमा लोकपालाकडे जाण्याची मुदत फोनवरून मोजली जात नाही, ती कंपनीला लेखी तक्रार मिळाल्यापासून मोजतात.

नियम काय सांगतो?

विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या २०२४ च्या परिपत्रकानुसार, क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा.

मुदत उलटली तर?

१. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, अपघाताची, क्लेमची आणि सर्व्हेची तारीख लिहा. सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागा.

२. उत्तर आलं नाही, तर आयआरडीएआयच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा. मात्र नियामक ही तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतो, क्लेमचा निवाडा करत नाही.

३. निवाडा हवा असेल तर विमा लोकपाल. लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर आलं नाही, तरी इथे जाता येतं. म्हणजे कंपनीचं गप्प बसणंही तक्रारीला पुरेसं कारण आहे. वर्षभराच्या आत अर्ज करावा लागतो. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी फी नाही, वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुण्यात लोकपालाची कार्यालयं आहेत. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

४. ग्राहक आयोगाचा पर्यायही आहे, त्यासाठी मुदत दोन वर्षांची. पण तिथे केस सुरू असेल, तर त्याच विषयावर लोकपालाकडे जाता येत नाही. त्यामुळे क्रम ठरवून पाऊल टाका.

तोवर गाडी उभीच ठेवायची का?

सर्व्हे होण्याआधी गाडी उघडू देऊ नका. नुकसान कशामुळे झालं, यावरच मग वाद होतो. सर्व्हे झाला असेल आणि थांबणं परवडत नसेल, तर कंपनीला ईमेलने कळवून स्वतःच्या पैशाने दुरुस्ती करून घेण्याचा मार्ग आहे. फोटो, जीएसटी बिलं आणि काढलेले पार्ट मात्र जपून ठेवा.

हे सगळं स्वतःच्या पॉलिसीतल्या ‘ओन डॅमेज’ क्लेमसाठी. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीचा खर्च त्यातून मिळत नाही. चूक समोरच्या गाडीची असेल, तर भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं.

क्लेम अडकलाय? मग पुढचा फोन करण्याआधी तो ईमेल पाठवा.