ऋणनिर्देशाचा तपशील

मराठी प्रबंधांच्या आरंभी येणारा ऋणनिर्देश हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा, इतका त्याचा साचा आता पक्का झाला आहे. ‘माझ्या मार्गदर्शकांच्या ऋणातून उतराई होणे शक्य नाही, किंबहुना त्यांच्या ऋणात राहणेच मला आवडेल’ हे वाक्य कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयातला कोणताही प्रबंध काढला तरी थोड्याफार फरकाने सापडते. मार्गदर्शकांनी नेमके काय केले, हे मात्र त्या पानावर क्वचितच लिहिलेले असते. कोणते प्रकरण त्यांनी परत पाठवले, कोणत्या गृहीतकाला हरकत घेतली, कोणते पुस्तक स्वतःच्या कपाटातून काढून हातात ठेवले, यातले काही नाही. ऋण आहे एवढे कळते. कशाचे, ते कळत नाही.

या साच्याकडे नव्याने पाहावेसे वाटले त्याचे निमित्त साहित्याबाहेरचे आहे. अमेरिकेत मनोविकारशास्त्राच्या रेसिडेन्सीसाठी एकदा नाकारले गेलेले आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केलेले डॉक्टर आपल्या मेंटरविषयी जे कृतज्ञतेने लिहितात आणि बोलतात, ते गेल्या काही वर्षांत बरेच वाचनात व कानावर आले. त्यांत महाराष्ट्रातून एमबीबीएस करून तिकडे गेलेले तरुण-तरुणीही आहेत. त्यातले बहुतेक लेखन आपल्या प्रबंधांतल्या ऋणनिर्देशासारखेच आहे: मेंटर नसते तर मी इथे नसतो, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, वगैरे. पण काही थोड्यांनी मेंटरने काय वाचले, काय खोडले आणि काय विचारले ते सांगितले आहे. हे थोडे लेखन साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आवर्जून पाहावे असे आहे. दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याला मेंटरकडून जे मिळते ते मुख्यतः वाचन असते, आणि वाचनाबद्दलची कृतज्ञता तपशिलात उतरली नाही तर ती अपुरीच राहते असे नव्हे, काहीशी दिशाभूलही करते, असे माझे मत आहे.

आधी ती व्यवस्था थोडक्यात सांगितली पाहिजे. अर्ज सप्टेंबरात जातात. हिवाळाभर मुलाखती होतात. मग उमेदवार संस्थांचा आणि संस्था उमेदवारांचा पसंतीक्रम लावतात आणि संगणकावरचे एक गणित दोन्ही याद्यांची सांगड घालते. ‘मॅच’ म्हणतात ते हेच. 1952 पासून ही पद्धत चालू आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले यांनी 1962 मध्ये स्थिर जुळणीचा जो सिद्धान्त मांडला त्याच्याशी तिचे जवळचे नाते आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस अल्विन रॉथ यांनी तिची फेररचना केली आणि 2012 मध्ये रॉथ व शॅप्ले यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मार्चमधल्या ठरलेल्या आठवड्यात सोमवारी ईमेल येते: जागा मिळाली, किंवा मिळाली नाही. कुठे मिळाली ते शुक्रवारी कळते. उरलेल्या जागांसाठी त्याच आठवड्यात घाईची एक फेरी होते. मनोविकारशास्त्रात अलीकडे त्या फेरीसाठी जागा जवळजवळ उरतच नाहीत. 2024 च्या मॅचमध्ये अमेरिकेतल्या एमडी अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी 93 टक्क्यांहून अधिक जणांना कुठल्या ना कुठल्या शाखेत जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांत हेच प्रमाण 58 टक्क्यांच्या आसपास होते.

गणित म्हणून ही रचना देखणी आहे. पण ती कारण सांगत नाही. आपल्याकडच्या नीट-पीजीत निदान गुण आणि क्रमांक हाती येतात. कमी पडलो तर कितीने, ते कळते. इथे ‘नाही’ एवढेच कळते. परीक्षेचे गुण, शिफारसपत्रे, मुलाखत किंवा ‘पर्सनल स्टेटमेंट’ नावाचे ते सुमारे एका पानाचे आत्मनिवेदन, यांतले नेमके काय नडले, हे संस्था सहसा सांगत नाहीत. जानेवारी 2022 पासून तिथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद होऊन केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागू लागला. तेव्हापासून गुणांच्या मागे लपण्याची सोय आणखी कमी झाली आणि लिखित मजकुराचे वजन वाढले.

मराठी वाचकाला याची सर्वांत जवळची उपमा ‘साभार परत’ या चिठ्ठीची वाटेल. मासिकाकडे पाठवलेली कथा परत येई, आणि बहुतेक ठिकाणांहून त्या दोन शब्दांपलीकडे काही येत नसे. ‘सत्यकथा’चा दबदबा निर्माण झाला त्यामागे तिथून परत येणाऱ्या कथेसोबत कधीकधी येणाऱ्या पत्रांचाही मोठा वाटा होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना केलेल्या सूचनांच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. त्या आठवणींतली कृतज्ञता आजही वाचनीय वाटते, कारण ती तपशिलाची आहे: अमुक शेवट सैल आहे, तमुक पात्र तुमच्या मताने बोलते आहे. अर्थात याच संपादकीय सत्तेविरुद्ध 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, हेही विसरता येत नाही. जो दार उघडू शकतो तो ते बंदही ठेवत असतो. मेंटरविषयी बोलताना ही दुसरी बाजू आपण फार लवकर बाजूला सारतो.

ओळखीच्या एका डॉक्टर मुलीचे उदाहरण देतो. पहिल्या वर्षी तिला जागा मिळाली नाही. तिच्या पहिल्या आत्मनिवेदनाचा आरंभ ‘मानवी मनाच्या गूढाने मला बालपणापासून खुणावले’ अशा अर्थाच्या वाक्याने होत होता. दुसऱ्या वर्षी एका ज्येष्ठ अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी तो मजकूर वाचायचे कबूल केले. त्यांनी त्या वाक्याखाली रेघ ओढून समासात एवढेच विचारले: हे कोण बोलते आहे? पुढे एका परिच्छेदात मुलीने ग्रामीण रुग्णालयातल्या नोकरीत भेटलेल्या एका वृद्धेविषयी लिहिले होते, ‘रुग्णाची मनःस्थिती खालावलेली होती’. त्यावर बाईंचा दुसरा प्रश्न: ती स्वतः काय म्हणाली होती, तिच्या भाषेत? वृद्धा म्हणाली होती, ‘जीव थाऱ्यावर नाही.’

बाईंना मराठीचे एक अक्षर येत नव्हते. तरी त्यांनी या शब्दांचा अर्थ सांगायला लावला, आणि अर्थ सांगताना मुलीच्याच लक्षात आले की ‘थारा’ म्हणजे टेकायची जागा. वृद्धेने आपले दुःख मनःस्थितीच्या रूपात नव्हे, तर जागा हरवल्याच्या रूपात सांगितले होते. त्या वर्षी तिच्या मुलाने घर विकले होते. ही गोष्ट केसपेपरावर नव्हती. पहिल्या मसुद्यातही नव्हती. दुसऱ्यात ती आली, आणि बालपणीचे गूढ आपोआप गळाले. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला सावकाश वाचन म्हणतो ते याहून फारसे वेगळे नसते. मनोविकारशास्त्राच्या प्रशिक्षणाची चार वर्षे ज्या कौशल्यासाठी असतात, त्याचा पहिला धडा त्या मुलीला प्रवेश मिळण्याच्या आधीच, नाकारलेल्या अर्जाच्या समासात मिळाला.

बाईंनी एकही वाक्य स्वतः लिहून दिले नाही, हे इथे महत्त्वाचे आहे. पैसे घेऊन आत्मनिवेदन ‘तयार’ करून देणारे सल्लागार तिकडे भरपूर आहेत, आणि गेल्या काही वर्षांत यंत्रही ते काम क्षणात करते. असा मजकूर बहुधा निर्दोष असतो. त्याबद्दल पावती मिळते. कृतज्ञतेचा प्रश्न तिथे येत नाही. मेंटरच्या वाचनातून मजकूर सुधारतो त्याआधी लिहिणाऱ्याची स्वतःच्या वर्षाकडे पाहण्याची रीत बदलते. हुकलेले वर्ष झाकायचे भोक न राहता त्यात काय घडले हे सांगण्याजोगे होते.

एका बाबतीत मात्र मेंटरांचा सल्ला मला अस्वस्थ करतो. या शाखेकडे वळणाऱ्यांपैकी काहींनी मनोविकार स्वतः भोगलेला असतो, किंवा घरात पाहिलेला असतो. कधी पहिला अर्ज फसण्यामागेही तेच कारण असते. हे आत्मनिवेदनात लिहावे का? स्वतःच्या आजाराविषयी लिहू नये, लिहिलेच तर जपून, असा सल्ला सर्रास दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि व्यवहार पाहता तो चुकीचाही नसतो. पण मनोविकाराचा कलंक पुसणे हे जिचे घोषित काम, त्या शाखेच्या दारातच हे मौन शिकावे लागावे, याची लाज उमेदवाराला वाटायचे कारण नाही. ती शाखेला वाटली पाहिजे. ज्या मेंटरने ‘हे लिहू नकोस’ असे सांगताना ‘हे लिहिता आले पाहिजे होते’ हेही सांगितले, त्याचे ऋण मला मोठे वाटते.

नाकारल्या गेलेल्या माणसाला कृतज्ञ होणे सोपे नसते, हेही आपण धरत नाही. मेंटर हा निवडल्या गेलेल्यांपैकी असतो. आपल्याला हवे ते त्याच्यापाशी आहे आणि त्यातले थोडेसे तो आपल्याला देतो आहे, ही स्थिती असूयेला पोषक असते. मेलनी क्लाइन यांनी ‘एन्व्ही अँड ग्रॅटिट्यूड’ या 1957 मधील पुस्तकात असूया आणि कृतज्ञता यांना शेजारी ठेवले ते याच कारणाने. त्यांच्या मते असूया चांगल्या वस्तूवर ती चांगली आहे म्हणूनच हल्ला करते. मिळालेले चांगले मनापासून उपभोगता आले की कृतज्ञता उगवते. क्लाइन अर्भकाविषयी बोलत होत्या, आणि त्यांच्या सिद्धान्तातले सगळेच मला पटते असे नाही. पण दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांच्या अतिरेकी स्तुतीने भरलेल्या आभारपत्रांत कधीकधी ही दाबलेली असूयाच ऐकू येते. माणसाला देव करून टाकले की त्याचा हेवा करावा लागत नाही.

आपल्या भाषेत तर देव करण्याची सोय तयारच आहे. गुरुकृपा, आशीर्वाद, परीसस्पर्श हे शब्द अखंड, विभागता न येणाऱ्या देणगीचे आहेत. भक्तिपरंपरेत त्यांना अर्थ आहे, कारण तिथे जे मिळते ते खरोखरच विभागून सांगता येत नाही. मेंटरचे देणे मात्र तुकड्यातुकड्यांचे असते: तीन मसुद्यांचे वाचन, एक सराव मुलाखत, एक शिफारसपत्र. गंमत अशी की ‘मेंटर’ हा शब्दही अशाच गल्लतीतून आला आहे. ‘ओडिसी’तल्या मेंटर नावाच्या म्हाताऱ्याच्या हातून फारसे काही होत नाही, टेलिमेकसला धीर देते ती त्याचे रूप घेतलेली अथीना. फेनेलाँच्या 1699 मधल्या ‘तेलेमाक’ या कादंबरीने त्या नावाला गुरूचे वजन आले. म्हणजे मूळ शब्दातच माणसाचे श्रम आणि देवीची कृपा एकमेकांत मिसळलेली आहेत.

यात नुकसान कुणाचे होते? ज्याला मेंटर मिळाला नाही त्याचे. अमेरिकेतल्या महाविद्यालयात शिकलेल्या विद्यार्थ्याला मसुदा वाचणारे प्राध्यापक आणि वजनदार शिफारसपत्र देणारे विभागप्रमुख बहुधा घरच्या अंगणात मिळतात. सोलापूर किंवा नांदेडहून गेलेल्याला आधी कुणाच्या तरी दवाखान्यात निरीक्षक म्हणून उभे राहण्याची परवानगी मागावी लागते, अनेकदा पदरचे पैसे खर्चून, आणि शेकडो ईमेलींतून एखादे उत्तर येते. वर दिलेल्या दोन टक्केवारींमधले अंतर केवळ याने पडते असे मी म्हणणार नाही. व्हिसापासून पदवीच्या वर्षापर्यंत अनेक गोष्टी त्यात आहेत. पण ज्याला वाचक मिळाला तो ‘कृपा झाली’ असे म्हणतो, तेव्हा ज्याला मिळाला नाही तो आपली पात्रताच कमी होती असे समजून घरी बसतो. ‘अमक्यांनी माझा मसुदा तीनदा वाचला’ असे लिहिले असते तर त्याला निदान कळले असते की आपल्याला काय मिळाले नाही.

शिफारसपत्राची गोष्ट आणखी वेगळी. 1974 च्या एका अमेरिकन कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःविषयीची कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. पण गोपनीय पत्रावर वाचणाऱ्यांचा विश्वास अधिक बसतो, म्हणून बहुतेक उमेदवार तो हक्क आपणहून सोडतात. आपल्याविषयी लिहिलेल्या ज्या मजकुराने कदाचित आयुष्य बदलले तो आपण कधीच वाचणार नाही, आणि तरी त्याचे आभार मानायचे. इथे तपशिलाची माझी मागणी अडते, हे मान्य केले पाहिजे. त्या मुलीने बाईंना पाठवलेल्या पत्रात यावर एक ओळ होती: तुम्ही काय लिहिलेत ते मला ठाऊक नाही, पण समासातले दोन्ही प्रश्न पाठ आहेत.

आपल्या परंपरेत ऋषिऋण फेडायचे ते अध्ययनाने. ऋषीला परत काही द्यायचे नसते. ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. दर ऑगस्टमध्ये दोन-तीन अनोळखी मसुदे वाचते. गेल्या वर्षी त्यातल्या एकाला तिने मनोविकारशास्त्राचा नाद सोडून दुसऱ्या शाखेत अर्ज करायला सांगितले, आणि त्याची कारणे दीड पान भरून लिहिली. त्याचे अजून उत्तर आलेले नाही.