पडद्याचें मौन

लिनक्सच्या कमांड लाइनवर ‘सुडो’ लिहून पासवर्ड देऊं लागलें कीं, अक्षर तर नाहींच, पण पुष्कळ ठिकाणीं तारकाही उमटत नाहीं. नवशिक्या विद्यार्थी कळफलकच बिघडला असें समजून हताश होतो. वस्तुतः अक्षरें पोंचत असतात. शेजाऱ्यास त्यांची संख्याही कळूं नये, म्हणून हें मौन. १९७० च्या दशकांत युनिक्सचीं पुष्कळ टर्मिनलें कागदावर छापीत. तेथें उमटलेलें गुपित पुसणार कोण? परंतु शाळेच्या संगणक-खोलींत हा कडकपणा आम्हांस अनाठायी वाटतो. एखादी कळ दोनदां लागली, तरी मुलास पत्ता नसतो, आणि तीन प्रयत्न फुकट जातात. तारका दाखविणारी ‘पीडब्ल्यूफीडबॅक’ ही सोय सुडोमध्यें आहेच. शिक्षकांनीं ती अवश्य चालू करावी. (देवनागरी कळरचना चालू राहिली असेल, तर मात्र तारकाही तारणार नाहींत!)