छोटा दांडा ओढून पाहिला का?

जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर एखादी थार किंवा जिप्सी उभी असली की लोक तिच्याभोवती कसे फिरतात, हे पाहण्यासारखं असतं. आधी टायरला लाथ. मग बॉनेट उघडून इंजिन रेस करणं. मग अलॉय, म्युझिक सिस्टीम आणि बंपरवर बसवलेले चार-चार दिवे. एजंट 'सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी' हे पालुपद लावतो. भाव तुटतो, टोकन दिलं जातं. आणि ज्या एका गोष्टीसाठी साध्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजायचे असतात, तो चारही चाकांना ताकद जोडणारा, मोठ्या गिअरशेजारचा छोटा दांडा कुणी हलवूनही पाहत नाही.

खेडोपाडी वापरायला जुनी फोर बाय फोर घेणाऱ्यानं गाडीचं रूप सगळ्यात शेवटी पाहावं. आधी आपला रस्ता, मग जवळचा मिस्त्री, मग तो छोटा दांडा. हा क्रम उलटा झाला की पहिल्याच पावसात ट्रॅक्टरवाल्याला फोन लावावा लागतो.

रस्त्यापासून सुरुवात करू. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली आणि बहुतेक गावांपर्यंत डांबर पोचलं. आता खरी अडचण उरते ती गावापासून शिवारापर्यंत, वस्तीपर्यंत, म्हणजे पाणंदीत. दोन बांधांमधली ती अरुंद वाट उन्हाळ्यात धुरळ्याची आणि पावसाळ्यात गुडघाभर राड्याची असते. ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोरीत छोटी कार पोटावर बसते. गरज अशी दीड-दोन किलोमीटरची आणि तीन-चार महिन्यांची असते. ज्याचं घर गावठाणात आहे आणि शेतावर जायला दुचाकी किंवा ट्रॅक्टर आहे, त्याला फोर बाय फोर लागत नाही. चांगल्या टायरची, दोनच चाकांना ताकद देणारी बोलेरो त्याचं काम वर्षानुवर्षं करते, आणि ती करते आहे हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारगावी दिसतं. पुढचा अॅक्सल, जादा शाफ्ट आणि ट्रान्सफर केस यांचं ओझं बाराही महिने डिझेल पितं, त्याचं तेल बदलावं लागतं, रबरी सील गळतात. शिवाय घाट उतरताना त्याचा ब्रेकला काडीचाही उपयोग नाही. चारही चाकांना ब्रेक साध्या गाडीलाही असतातच.

ज्याची वस्ती ओढ्यापलीकडे आहे, जो दुधाचे कॅन रोज पहाटे डेअरीवर पोचवतो, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याचा प्रश्न वेगळा. त्याला फोर बाय फोर ही चैन नाही. पण त्यालाही आपली माती ओळखूनच गाडी निवडावी लागते. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्याची तांबडी माती असते. तिथं गाडी निसरते, पण तळाशी टणक काहीतरी सापडतं. आंबोलीसारख्या ठिकाणी सरासरी पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास जातो, तिथं खरा शत्रू गंज असतो. मराठवाड्या-विदर्भातली काळी माती वेगळीच. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत लिंपून बसते, आणि मग चारही चाकं गुळगुळीत गोळे होऊन जागच्या जागी फिरतात. अशा रानात वाफसा येईपर्यंत थांबण्याला पर्याय नसतो. तिथं हलकी गाडी आणि माती झटकणारे खोल खाचांचे टायर इंजिनाच्या ताकदीपेक्षा जास्त कामाला येतात.

जिप्सीची आठवण इथंच निघते. मारुतीनं ती १९८५ मध्ये आणली आणि १९९६ मध्ये १३०० सीसीचं इंजिन बसवून 'किंग' केली. सामान्य गिऱ्हाइकासाठी ती २०१९ च्या सुमारास बंद झाली. ताडोबात वाघ पाहायला गेलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. तिचं वजन जेमतेम एक टन, आणि चिखलात तिचा मोठा गुण हाच. अवगुणही सगळ्यांना माहीत आहेत. पेट्रोल ढोसते, पाटे इतके कडक की मागं बसलेल्याची हाडं मोजून निघतात, आणि घरातली म्हातारी माणसं दुसऱ्यांदा बसायला तयार होत नाहीत. माल न्यायचा असेल तर बोलेरो कॅम्परची फोर बाय फोर आवृत्ती शोधावी. ती दिसायला रुक्ष असते, त्यामुळे तिच्यावर हौशी गिऱ्हाइकांची झुंबड नसते.

थारच्या बाबतीत नावानंच घोटाळा होतो. २०१० मध्ये आलेल्या जुन्या थारमध्ये साधं डीआय इंजिन आणि ताकदवान सीआरडीई असे दोन प्रकार होते. डीआय फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळायची. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली नवी थार सुरुवातीला फोर बाय फोरच होती, पण जानेवारी २०२३ पासून तीही दोन चाकांच्या आवृत्तीत विकली जाऊ लागली. म्हणजे 'थार आहे ना, मग फोर बाय फोर असणारच' हे गणित चुकतं. मागच्या दारावरचं स्टिकर तर बाजारात सुटंही मिळतं. खात्री करायची तर गाडीखाली वाकावं. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल आणि त्याच्याकडे येणारा शाफ्ट दिसला पाहिजे. रेनॉ डस्टरची एक आवृत्ती चारही चाकांना ताकद देते, पण तिच्यात लो गिअर नसतो. डांबर संपल्यावरच्या थोड्याशा वाईट पट्ट्याला ती पुरते, ट्रॉली ओढायला नाही.

आता तो छोटा दांडा. या व्यवहारातली सगळ्यात फसवी समजूत अशी की कमी चाललेली शहरी गाडी म्हणजे चांगली गाडी. इंजिनाबाबत ते बरंचसं खरं असेल. फोर बाय फोरच्या यंत्रणेचं मात्र उलट असतं. पुण्या-मुंबईत आठ वर्षं मॉलच्या तळघरात उभ्या राहिलेल्या गाडीचा दांडा कधी ओढलेलाच नसतो. आतलं ग्रीस सुकतं, जोडण्या गंजतात, पुढच्या चाकांचे हब जाम होतात. अनेक जुन्या जीप आणि जिप्सींचे हब खाली उतरून हातानं फिरवावे लागतात. काही गाड्यांत ते व्हॅक्यूमवर लागतात, आणि तिथं एक रबरी नळी तडकली तरी दांडा पडतो पण पुढची चाकं ढिम्म राहतात. त्यापेक्षा चिखलात चाललेली, पण वेळच्या वेळी तेल बदललेली शेतकऱ्याची गाडी जास्त भरवशाची निघू शकते.

ही परीक्षा डांबरावर घ्यायची नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट थेट जोडला जातो, मध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरून फरक भरून काढायला वाव मिळत नाही, मग शाफ्ट पिळला जातो आणि एखादा सांधा तुटतो. म्हणून गाडी नांगरटीत किंवा मुरमाड माळावर न्यावी. फोर हाय, म्हणजे नेहमीच्या वेगाची फोर बाय फोर, लावून स्टिअरिंग पूर्ण वळवावं आणि हळू गोल फिरावं. गाडी थोडी अडखळली, स्टिअरिंग जड झालं, तर चारही चाकं खरोखर जोडली गेली आहेत. काहीच फरक जाणवला नाही तर दांडा नुसता शोभेचा. वळणावर 'कटकट' वाजलं तर पुढचे जॉइंट गेलेले. मग पूर्ण थांबून फोर लो, म्हणजे संथ पण जास्त जोराचा लो गिअर, लावावा, पहिल्या गिअरमध्ये उतारावर गाडी सोडावी आणि ब्रेकवरचा पाय काढावा. ती इंजिनाच्या जोरावर मुंगीच्या पावलानं उतरली पाहिजे. दांडा मध्येच उडून न्यूट्रलला आला तर व्यवहार तिथंच थांबवावा.

मग खालचा भाग. डिफरन्शियलचं तेल थोडं काढून पाहावं. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे. चासीला नुकताच काळा रंग मारला असेल तर पाटे जिथं अडकतात तिथं स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहावं. कोकण किनाऱ्यावरच्या गाडीत हे चुकवू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊनपुसून कुठंही विकायला येऊ शकते. सीटखालच्या रुळांत साचलेला गाळ आणि बोल्टवरचा गंज मात्र पॉलिशनं जात नाही. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. ते कमी-जास्त असले तर फोर बाय फोर लावताच सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

कागदांत दोन सापळे आहेत. एक दिल्लीचा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढं त्या बंदीची धार कमी-जास्त होत राहिली, पण तिथल्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या त्या लागल्याच. त्या घेताना ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्रात नव्यानं भरायचा कर हिशेबात धरला की स्वस्ताई आटते. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्कही एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं. दुसरा सापळा सजवलेल्या जीपचा. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीप नव्यानं बांधून विकण्याचा मोठा धंदा आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मूळ रचनेत असा बदल करू देत नाहीत. पासिंगला आणि विम्याच्या दाव्याला हीच गाडी अडते.

एवढं सगळं तपासूनही मिस्त्री नसेल तर गाडी दारात उभी राहते. दार्जिलिंगच्या डोंगरात मानेभंजंगहून ३,६३६ मीटर उंचीवरच्या संदकफूला जाणाऱ्या लँड रोव्हर या गोष्टीचा चालता पुरावा आहेत. ब्रिटिश चहामळेवाल्यांच्या काळातल्या, १९५० च्या दशकातल्या या गाड्या कित्येक वर्षं त्या दगडी चढावर चालत राहिल्या. त्यांतल्या अनेकांच्या पोटात आता महिंद्राची इंजिनं आहेत. त्या टिकल्या, कारण गावातच त्या खोलून जोडणारे हात होते. पाऊस लागला की पर्लकोटा नदीच्या पुरानं तुटणाऱ्या भामरागडमध्ये राहणाऱ्याला नागपूरहून सेन्सर मागवावा लागणारी गाडी परवडत नाही. त्याला प्यूजोच्या तंत्रावरचं जुनं इंजिन असलेली महिंद्राची एमएम ५४० जास्त सोयीची, कारण तिचं काम हातोडी-पान्यावर निघतं. आणि पर्लकोटा पुलावरून वाहत असताना तिनंही काठावरच उभं राहायचं. वाहत्या पाण्यात गाडी तरंगू लागली की चारही चाकांना ताकद असून उपयोग नसतो.

म्हणून अड्ड्यावर जाताना मेव्हण्याला नव्हे, मिस्त्रीला सोबत घ्यावं. त्याची दिवसाची मजुरी आधीच हातावर ठेवावी, म्हणजे एजंटाच्या चहाला तो बांधील राहत नाही. ठरलेल्या किमतीतून टायर, हब आणि सगळ्या तेलांचा खर्च बाजूला काढावा. आणि एजंट म्हणाला, 'साहेब, फोर बाय फोर एकदम ओके, शेतात कशाला न्यायची?', तर त्याच्याकडून किल्ली मागून घ्यावी आणि गाडी जवळच्या नांगरटीत घालावी.